एकविसावा रोडगा

आक्का,

वहीचा तिसरा रकाना भरला. सगळ्यात आधी हेच तुम्हाला सांगायचं होतं.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. मागून आणलेल्या सतरंज्या धुऊन, वाळवून, ज्यांच्या त्यांना परत केल्या. तुमची दोन नवी लुगडी तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे खालच्या आळीतल्या शेवंताला दिली. घर पुन्हा लागलं आणि मी खिडकीशी लिहायला बसले, तर मन इतकं हलकं, की कुणाला सांगायची लाज वाटावी. एवढं जवळचं माणूस गेल्यावर असं वाटतं का कुणाला? पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रडाले काय झालं व मास्तरीण? आपलं काई बोलाचं राह्यलं का?" नाही आक्का. राहिलं होतं, ते बोलून झालं. म्हणून तर हे हलकेपण.

लिहिते तुम्हाला, पण वाचणार आहेत ईशा आणि अमेय, तिकडे मेलबर्नला. त्यांना तुम्ही ठाऊक होतात त्या फोनवरच्या आवाजापुरत्या. रविवारी त्यांचा फोन आला की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून तुम्ही ओरडायच्या, "जेवले का रे बापा?" जणू मधला समुद्र तुम्हालाच ओलांडायचा होता. तेव्हा त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवते, की तुम्ही त्यांच्या आजोबांच्या मोठ्या बहीण, माझ्या नणंद. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलात आणि संत्र्याची बाग तुम्हीच राखलीत. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन आष्टीजवळच्या या गावात आले, आणि आष्टीच्या हायस्कुलात मुलांना इंग्रजी शिकवत राहिले. तुम्ही मला पहिल्या आठवड्यातच ‘मास्तरीण’ म्हणायला लागलात. तेव्हा ती चेष्टा होती. नंतर नाव झालं.

वही सुरू झाली ती अमेयमुळे. एकदा तो फोनवर सांगत होता की त्याचे बाबा, म्हणजे माझा मुलगा शेखर, भारतात कधी येणार ते काही ठरत नाही. तुम्ही मधेच म्हणालात, "तुहा बाप म्हंजे कारंज्याचा ट्रक हाय!" पोरगं तिकडे बुचकळ्यात पडलं. कुठला ट्रक? मग मी त्याला समजावलं, की कारंजा हायवेवर आहे, तिथल्या धाब्यांवर ट्रक थांबतात, पण कधी थांबतील आणि कधी निघतील हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून जो माणूस न सांगता येतो आणि चहा निवायच्या आत उठून जातो, त्याला आपल्याकडे असं म्हणतात. तो म्हणाला, "आजी, हे सगळं लिहून ठेव ना." मी दुसऱ्याच दिवशी फुलस्केप वही आणली, पट्टीने तीन रकाने आखले: म्हण, अर्थ, कुठून आली.

तुम्हाला तो तिसरा रकाना कधीच पटला नाही. ‘बाजार उठला अन् तराजू आला’ ही म्हण मी तुमच्याकडून लिहून घेतली, आणि तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत की तो तराजूवाला तुमच्या आईच्या मामाच्या गावचा. पुढे मला अशीच आणखी दोन गावं भेटली, ज्यांचा दावा होता की तो आळशी माणूस त्यांचाच. मी तिन्ही नावं लिहिली. तुम्ही वही बाजूला सारलीत. म्हणालात, "म्हन म्हंजे भाकर. कोन्या चुलीवर भाजली, हे भुकेल्यानं पुसू नाई." मी म्हणायची, पुसलंच पाहिजे. कुणीतरी पहिल्यांदा ते तोंडातून काढलं असेल, काहीतरी घडलं असेल, कुणाला तरी लागलं असेल. हा वाद आपण भाजी निवडताना घातला, पापड लाटताना घातला, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात रांगेत उभं राहून घातला. मी इतक्या हट्टानं भांडत होते, कारण एका म्हणीची चूल मला पक्की माहीत होती.

ईशा, अमेय, आता नीट वाचा.

तुमच्या बाबांना नोकरी लागावी म्हणून आक्कांनी बागेतल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. नोकरी लागली. त्याच नोकरीच्या पायरीवरून पुढे चढत चढत तुमचं घर मेलबर्नला जाऊन पोचलं. रोडगा म्हणजे जाड्या कणकेचा घट्ट गोळा. तो गवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेखाली भाजायचा आणि फोडून, वर तूप सोडून, वांग्याच्या भाजीशी खायचा. अख्खं गाव जेवायला बागेत येतं. पण आपल्या घरची एक रीत आहे. गावजेवणाचे रोडगे वेगळे आणि नवसाचे एकवीस वेगळे. त्या एकविसांवर घरातल्या मोठ्या बाईच्या अंगठ्याची खूण असते. ते आधी मारुतीपुढे ठेवायचे, मग गावातल्या एकवीस घरांना एकेक द्यायचा. ते अखंड हवेत. तडा गेलेला चालत नाही, फोडलेला तर मुळीच नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचं एक पौषातलं दुपारचं ऊन. आक्का, तुम्ही थापलेत, अंगठा उमटवलात, निखाऱ्यात पुरलेत आणि वांग्याच्या पातेल्याकडे गेलात. जाताना मला फावडं दिलंत. "झाले का पाहजो. ठोकून पाहजो, फोडू नोको. शिजला का रोडगा बोलते."

मी एक काढला, राख झटकली, बोटाच्या पेरानं ठोकला. काहीतरी आवाज आला. पण शिजलेल्याचा आवाज कसा असतो आणि कच्च्याचा कसा, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, आणि नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नव्हता. गावापुढे कच्चा रोडगा गेला तर? मी तो फोडला. आतून वाफ आली, खमंग वास आला. सुरेख शिजला होता. आणि मग मला अर्ध्या तुकड्यावर तुमच्या अंगठ्याची खूण दिसली.

फावड्यानं राख ओढून मी तो झाकून टाकला. एवढंच केलं. त्याला पळभर लागलं असेल.

मारुतीपुढे वीस निघाले. घरोघरचे लोक बसलेले. माझ्याच यादीप्रमाणे एकविसावं घर गल्लीच्या टोकाचं, गोविंदशेठचं. त्यांच्या हातात काही आलं नाही. तुम्ही म्हणालात, "मी एकवीस थापले. माह्या हातानं." शेठ म्हणाले, "मंग गेला कुठे? पाय फुटले का त्याले?" कुणीतरी हसलं. साधा रोडगा देऊ केलात तर त्यांनी हात मागे घेतला. तुम्ही पुन्हा म्हणालात, एकवीसच. आणि मग सगळ्यांसमोर तुम्ही पदर सोडलात आणि झटकून दाखवलात. माझ्याकडे काही नाही, बघा. रिकामा पदर उन्हात फडफडला, आणि गोविंदशेठ उठता उठता म्हणाले, "आक्काचं काय, एकवीस सांगन अन् वीस वाढन."

मी दहा पावलांवर उभी होते. पायावर राख होती. मला वाटलं, बोलले तर म्हणतील, शिकलेल्या सुनेनं देवाचा घास बाटवला. इतक्या वर्षांत कमावलेली सगळी पत त्या एका रोडग्यात जाईल असं वाटलं. म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलावं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. तिसऱ्या दिवशी त्याहून.

म्हण मात्र थांबली नाही. दोन महिन्यांत ती आष्टीच्या बाजारात पोचली. कापड कमी मोजलं, ‘एकवीस सांगन, वीस वाढन.’ जावई येतो म्हणून आला नाही, तेच. एकदा एसटीत कंडक्टर एका पोराला हसत हसत तेच म्हणाला, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्याला ना तुम्ही ठाऊक, ना रोडगा. तुमचं नाव गळून गेलं होतं, मला तेवढाच दिलासा.

पण गावात ते गळलं नव्हतं. सहाएक वर्षांनी ग्रामपंचायतीची आपल्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली, आणि खालच्या आळीतल्या बायका तुमच्याकडे आल्या. त्यांना नळ हवा होता. हापशीवरून घागरी वाहून शेवंताचे खांदे उतरले होते. तुम्ही उभ्या राहिलात. समोर गोविंदशेठची सून. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं:

एकवीस सांगन, वीस वाढन
अशा बाईले मत कोन देईन?

पोरं तेच ओरडत गल्लीतून फिरली. ऑटोवरच्या भोंग्यातून तेच आलं. चाल चांगली होती, घोषणा तोंडात बसणारी होती, हे मी भाषेची शिक्षिका म्हणून आजही कबूल करते. तुम्ही अकरा मतांनी पडलात. त्या संध्याकाळी मी चहा केला. तुम्ही कप तसाच ठेवलात आणि म्हणालात, "पानी आलं असतं व खालच्या आळीत." मी तेव्हाही बोलले नाही. आक्का, राख ओढली ती भीतीपोटी, पळभरात. त्या संध्याकाळी मात्र मला विचार करायला पुरेसा वेळ होता.

नळ चार वर्षांनी आला.

गेल्या कार्तिकात तुम्हाला सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तुमचा वेळ जाईना, म्हणून मी वही घेऊन आले. तुम्ही चौथीपर्यंतच शिकलेल्या, ओळीखाली बोट धरून वाचायच्या. दोन दिवस मजेत गेले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुम्ही म्हणी वाचून दाखवत होतात, माझे अर्थ खोडून काढत होतात. मग तुमचं बोट ‘एकवीस सांगन, वीस वाढन’च्या ओळीवर थांबलं. पहिला रकाना भरलेला, दुसरा भरलेला, तिसरा कोरा.

"हे कोरं काऊन ठेवलं?"

"राहून गेलं."

"तुह्याकडून? राहून?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "चमचे मोजून फडताळात ठेवनारी तू. तुह्याकडून काई राहून जात नाई."

सगळी वही भरली, पण तिथे खोटं लिहायला हात धजला नव्हता आणि खरं लिहायलाही. ती कोरी जागाच बोलली म्हणायची. मी म्हणाले, "आक्का, तो रोडगा मी फोडला होता. तुमच्या अंगठ्याचा होता. मी राखेत पुरला."

तुम्ही चष्मा काढून वहीवर ठेवलात. मग विचारलंत, "कच्चा होता का?"

"नाही. छान शिजला होता."

"मंग! सांगतलं नव्हतं तुले, ठोकला का बोलते म्हनून?"

मला हसू फुटणार होतं. वाटलं, झालं, सुटले. पण तुमचा चेहरा बदलला.

"अन् नळ? शेवंता पोटुशी होती तवा हापशीवरून पानी वाहून राह्यली होती. चार वर्ष. ते कोन्या रकान्यात लिवशीन?"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मी समोर बसलेली असताना नर्सबाईला सांगायच्या, "तिले म्हना, उशी सरकव." नर्सबाई मला सांगायच्या, मी उशी सरकवायची. शेजारच्या खाटेवरच्या बाई कुतूहलानं आपल्याकडे बघायच्या. त्या दोन दिवसांत मी किती घाबरले होते, ते तुम्हाला कळलं असेल. डॉक्टर म्हणत होते प्रकृती बरी आहे, पण वय झालेलं. तुम्ही अशाच भिंतीकडे तोंड करून गेलात तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वळलात.

"भाकरीची चूल पुसू नाई असं मीच म्हनत होती न?"

"हो."

"त्या एका भाकरीची पाह्यजे होती व मले. सतरा वर्ष मी मलेच पुसून राह्यली, का म्या वीसच थापले होते का काय." तुम्ही वही माझ्याकडे ढकललीत. "पौषात रोडगे करू. सगळ्यायच्या समोर सांगजो. उभी राहून. अन् हातात कागद घेऊ नोको."

घरी आलात, आणि पौषात खरंच बागेत गवऱ्या पेटल्या. गुडघे वाकत नव्हते तरी नवसाचे रोडगे तुम्हीच थापलेत, अंगठा तुमचाच. जेवणाआधी मी उभी राहिले. वर्गात तीस वर्षं उभी राहिलेली बाई मी, पण हात कागद शोधू लागले. कागद नव्हता. मी सांगितलं. रोडगा, राख, पदर, भिंत, अकरा मतं. सगळं.

पुढच्या ओळीतली तरुण पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. त्यांना ती म्हण येत होती, पण तिच्यात खरा रोडगा होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. गोविंदशेठ आता ऐंशीचे, कानाला हात लावून विचारत होते, "काय म्हनते?" त्यांची सून, तुमच्याविरुद्ध निवडून आलेली तीच, कानात ओरडली, "बाबाजी, तो रोडगा मास्तरीणबाईनं फोडला होता!"

"कोन्ता रोडगा?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही एकेक चेहरा पाहत होतात, जणू हजेरी घेत होतात. मग उठून, माझा खांदा धरून, शेठपर्यंत चालत गेलात आणि पदराची गाठ सोडलीत. आत अंगठ्याच्या खुणेचा, अखंड रोडगा होता.

"घ्या शेठ. थंडा झाला असन. सतरा वर्षाचा हाय."

शेठनी तो हातात घेतला, उलटापालटा केला. मग कानाशी नेऊन बोटानं ठोकला. ज्यांना सून ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, ते. "बोलते," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "ते भिंतीवरचं आपल्या पोरायनं लिवलं होतं का व?" तिनं मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या. जेवा आता."

पंगत बसली. मी सवयीनं एक रोडगा उचलून शिजला का पाहायला लागले, तर पलीकडून कुणी तरुण मुलगी म्हणाली, "बाई, फोडू नका हो! नाईतर मास्तरिणीचा रोडगा होईन!" तेव्हा मात्र तुम्ही हसलात. ठसका लागेपर्यंत. "घे व! तुही बी म्हन झाली. लिव वहीत!"

त्यानंतर तुम्ही दोन महिने होतात. चांगले महिने होते ते. तुम्ही मला माफ केलं असं कधी म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही. नळाचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत, पण सकाळी खालच्या आळीत नळ सुटला आणि घागरींचा आवाज आला की आपण दोघी बोलता बोलता थांबायचो. मी अजूनही थांबते. ते माझं माझ्याजवळ राहील, आणि राहावं. पण तुम्ही तोंड वळवून गेला नाहीत आक्का. दुपारी वरण-भात खाऊन, मीठ कमी पडलं म्हणून मला बोलून, आडव्या झालात. याहून जास्त मी काय मागावं?

काल तिसरा रकाना भरला. लिहिलं: ‘ही म्हण खोट्या गोष्टीवरून आली. आक्कांनी एकवीस थापले होते, वाढलेही असते. एक मी फोडला.’ खाली सही केली. अमेय म्हणेल, सही कशाला? वहीत दुसरी कुठेच नाही. असू दे.

मग पिशवी घेऊन आष्टीच्या बाजाराला गेले. घरात भाजी नव्हती. एका अनोळखी बाईसमोर भेंडीचा ढीग होता. मी वाकले आणि सवयीनं एका भेंडीची शेंडी मोडली, कवळी आहे का पाहायला. दुसरी मोडणार, तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ओ बाई, मास्तरिणीचा रोडगा नोका करू. कवळी हाय, मी सांगून राह्यली न."

मी विचारलं, "ही मास्तरीण कोण हो?"

"काय मालूम? असन कोनी येडी. लोक म्हनते, आपन म्हनतो."

"आणि ते एकवीस-वीसचं म्हणता का तुम्ही?"

"ते जुनं झालं आता," ती तराजू उचलत म्हणाली. "किती देऊ?"

अर्धा किलो घेतली. एकही न मोडता, तिनं टाकली तशी. घरी येऊन चिरायला बसले.

आक्का, सगळ्या कवळ्या होत्या.